बॅटरीआबा

बॅटरीआबा माणसाच्या चेहऱ्याकडे कधी बघत नसत, थेट तोंडात बघत. रामराम झाला की सदऱ्याच्या खिशातून बॅटरी निघायची आणि लगेच हुकूम, “आ कर.” शहाद्याच्या स्टँडवर एकदा त्यांनी कंडक्टरलाच आ करायला लावलं होतं. मागे रांग खोळंबली, लोक हसू लागले. आबांनी त्याचे दोन्ही गाल बोटाने ताणून नीट पाहिले आणि मगच तिकीट मागितलं. “जर्दा सोड, भाऊ,” एवढं बोलून ते खिडकीशी जाऊन बसले.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. तापीकाठच्या त्या गुजर वस्तीच्या गावात मी मास्तरीण म्हणून गेले आणि आबांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिले. आबांची केळी होती, कापूस होता, मुलगा शेती सांभाळत होता. आबांची बायको मात्र मी येण्याआधीच गेली होती. गालात फोड आला, ती दाढ सुजली म्हणून शेकत बसली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गालात आधी पांढरा चट्टा असणार, तेव्हा आणलं असतं तर वाचली असती. आबांनी परत येताना मुंबईतच बॅटरी घेतली.

“जे दुखस नही ना बाई, तेन्हंच माले भेव शे,” असं ते म्हणायचे. दुखलं की माणूस कुरकुरत का होईना डॉक्टरकडे जातो, न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी कोण जाणार? म्हणून ते स्वतःच लोकांच्या तोंडाशी जायचे. लोक वैतागत, टिंगल करत, पण तोंड उघडत.

वेचणी संपून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की आबा वेशीशी उभे राहत. प्रत्येक गाडीतून एक पाटी कापूस त्यांच्या बारदानात पडलाच पाहिजे. त्या कापसाच्या पैशातून शहाद्याचा डॉक्टर डोंगराच्या पायथ्याशी खापरच्या बाजाराला जायचा आणि ज्याच्या तोंडात काही वाईट निघेल त्याची मुंबईला जायची सोय व्हायची. डोंगरातल्या माणसांकडूनही आबा वाटा घेत. बाजारात बांबूचा मांडव त्या लोकांनी घालायचा, वरच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना खाली त्यांनी आणायचं, डॉक्टरला जेवू त्यांनी घालायचं. “फुकटनं नको. ते बी भागीदार शेतस,” हा आबांचा हट्ट होता.

गावात हे सगळ्यांना पटलं होतं असं मुळीच नाही. एकदा पाटलांनी गाडी थांबवलीच नाही. वरून ओरडले, “कापूस आपला, ना डॉक्टर डोंगरले! आपली मानसे काय रस्तावर पडेल शेतस?”

आबा बैलांच्या पुढे जाऊन उभे राहिले. “आपले शहादानी एस्टी शे. सकाळ जा, संध्याकाळ घर या. त्यासले काय शे तठे?”

पाटलांनी पाटी टाकली, जरा आपटूनच टाकली. मी ते बघत होते आणि मला आबांचा फार अभिमान वाटला. त्यांचं म्हणणं खरंही होतं. आपल्या माणसांना काय, कधीही दाखवता येईल, असं मलाही वाटायचं.

घरात त्यांची सून होती, केसर. वयाने माझ्याच बरोबरीची. तिकडच्या रीतीप्रमाणे सासऱ्यासमोर तिचा पदर छातीपर्यंत खाली यायचा आणि आवाज अजिबात निघायचा नाही. आबा जेवायला बसले की भाकरी पुढे करून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. काही सांगायचं झालं तर बांगड्या वाजवायची, मग मी जाऊन विचारायचं आणि आबांना सांगायचं. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती आणि आबांनी सुनेचा चेहरा पाहिला नव्हता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खापरच्या बाजारात डोंगरातल्या बायका आबांसमोर खुशाल तोंड उघडून बसत. त्यांच्यात असला पदर नव्हता.

आबांनी घरातल्या पुरुषांची तंबाखू बंद केली होती. मिसरी परसात चालूच राहिली. सकाळी केसर आणि मी चुलीमागे बसून मिसरी लावायचो आणि गावभरच्या गप्पा मारायचो. तव्यावर तंबाखूच भाजलेली आम्हाला दिसत होती, तरी ते आमच्या लेखी दात घासणं होतं.

मग केसर भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. मी चेष्टेने विचारलं, “काय गं, दिवस गेले का?” ती हसली, पण हसताना तोंड पुरतं उघडलंच नाही. मी जवळ जाऊन बघितलं. घास जाईल एवढंही ते उघडत नव्हतं.

“आबांना दाखव,” मी म्हटलं.

“आबास्नासामने पदर कसा काढू, बाई? ते सासरा शेतस.”

मी ओसरीवर जाऊन आबांना सांगितलं. ते तडक उठले, खिशातून बॅटरी काढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. तिथे थांबले. आत केसर पदर ओढून भिंतीकडे वळलेली. सगळ्या जगाला आ करायला लावणारा तो माणूस उंबरा ओलांडू शकला नाही. त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. “बाई, तुम्ही दखा.”

मी पाहिलं.

“धवळा शे का?” त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

“नाही, आबा. आता पांढरा नाही राहिला.”

केसरला मुंबईला नेलं, परत आणलं. बॅटरी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली नाही, स्वतःसाठी दुसरी आणली. “आपला गावन्या बाया तुम्ही दखा,” म्हणाले. मी घरोघर जाऊ लागले. परसात बसून बायकांचे पदर वर करून बघायचे आणि मिसरीचे डबे उकिरड्यावर ओतायला लावायचे. आपण काही चांगलं करतो आहोत असंही तेव्हा वाटत नसे. हात चालत होते, एवढंच.

केसर पावसाळ्याआधी गेली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं आणि अंगणात आणून ठेवलं. शेवटच्या दर्शनासाठी पदर मागे सारला. आबा पुढे आले. बॅटरी खिशातच होती. बराच वेळ ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मला रडू येत नव्हतं, त्यांनाही येत नव्हतं.

मग त्यांनी मला हळूच विचारलं, “बाई, पहिले बी अशीच दिसे का ही?”

एक गाल पार गेला होता. मी म्हटलं, “हो आबा, अशीच.”