तिकडचं मतदान

चूक माझी होती आणि ती मी भरबाजारात केली. मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात मासे विकणारा तो बंगाली माणूस मला कित्येक वर्षं ओळखीचा, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वजन करण्याआधी तो माशाचा कल्ला उचलून ताजेपणाची खूण म्हणून आतला लाल रंग दाखवी आणि थकल्यासारखा हसे.

त्याआधी बांगलादेशात लोकांच्या उठावानं सरकार पडलं होतं आणि त्या आठवड्यात तिथे घटनेतल्या बदलांवर 'हो' की 'नाही' असं मतदान होतं. सकाळीच पेपरात वाचलेलं. गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, "काय दादा, तुमच्या देशात मतदान हाय म्हणे. तुमचं हो का नाई?"

सगळे हसले. त्याचा हात मात्र थांबला.

"भाऊ, माह्या बापाले तिकडून पळा लागलं. मी इथीच जन्मलो. तिकडचं मत मले कोणी मांगत नाई. इथी दर खेपेले देतो, तरी तुम्ही मले तिकडचाच म्हणता."

पुढच्या बाजारापासून लोक त्याला 'बांगलादेशी' म्हणू लागले. एकानं मासे घेताना इथला असल्याचं कार्ड मागितलं. मग तो मतदार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तराजूजवळच ठेवू लागला. कोणी विचारायच्या आत, ओल्या हातानं, माशाच्या कल्ल्यासारखंच तेही उचलून दाखवू लागला.

तीन बाजार मी हे लांबून पाहिलं. चौथ्या बाजारी भर गर्दीत त्याच्यासमोर उभा राहिलो.

"दादा, त्या दिवशी मी सगळ्याईसमोर चुकीचं बोललो. तुमचा देश हाच हाय. माफीही सगळ्याईसमोरच मांगतो."