दुसरी वेलांटी

राज्य नवं झालं तेव्हा मी अकरावीत होते, कॉमर्सला. आमचं रायपूर बघता बघता राजधानी झालं आणि गावभर एकच घाई सुटली: पाट्यांवरचं ‘मध्यप्रदेश’ खोडा, ‘छत्तीसगढ़’ लिहा. कचेऱ्या, दुकानं, कॉलन्या, सगळ्यांनाच पाट्या हव्या आणि पेंटर लोकांना मरायला फुरसत नाही. ते बघून आमच्या कॉमर्सच्या सरांनी शाळेत बिझनेस क्लब काढायचं ठरवलं. धंदा पुस्तकात किती दिवस वाचणार, एकदा करून पाहा, असं त्यांचं म्हणणं. शाळा हिंदी, पण सर मराठी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या अमलात इथं आलेले. आम्ही त्या मानानं कालचे, विदर्भातून नोकरीपायी आलेले. वडील सरकारी कचेरीत बाबू होते.

क्लबचा धंदा पाट्या रंगवण्याचाच ठरला, कारण माझ्या शेजारी बसणारी पोट्टी पेंटरची मुलगी होती. पंडरीच्या कापडबाजारातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या तिच्या वडिलांच्या हातच्या. ती त्यांना ददा म्हणायची. पण तिचा हात ददांहून सरस. पट्टी न लावता ती शिरोरेघ अशी सरळ ओढायची की माझ्या पोटात दुखायचं. वर्गात पहिली मी यायचे, आणि कौतुक हिच्या रेघांचं.

तिचं शिक्षण मात्र आज आहे, उद्या नाही असं होतं. ब्रशच चालवायचा तर शाळा कशाला, असं ददांचं सरळ गणित. सर त्यांच्या घरी जाऊन बसले. क्लबची अध्यक्ष तीच होईल, गिऱ्हाईक कसं धरायचं ते शिकेल, बारावी झाली की स्वतःचं दुकान टाकेल, असं परोपरीनं समजावलं. ददा कबूल झाले, पण एका अटीवर. एक जरी तक्रार आली, तर पोरगी घरी बसेल. हे तिनंच मला मधल्या सुट्टीत सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मी क्लबची सचिव. अक्कल माझी आणि हात तिचा, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलेलं. हवा गेली होती डोक्यात, दुसरं काय.

पहिलंच मोठं काम तेलीबांध्याकडच्या एका नव्या कॉलनीचं मिळालं. सहा गेटांवर सहा पाट्या, कॉलनीच्या विकास समितीच्या नावाच्या. मजकूर मी कागदावर लिहिला आणि आधी वडिलांना दाखवला. शुद्धलेखन म्हणजे आमच्या घरी देवपूजा. वडिलांनी चष्मा चढवला, कागद दोनदा वाचला आणि बजावलं, की ‘छत्तीसगढ़’च्या ढ खालचं टिंब विसरू नको, मराठी माणूस तिथंच मार खातो. ते टिंब मी असं ठसठशीत काढलं की आंधळ्यालाही दिसावं. आणि त्या टिंबाच्या नादात ‘समिती’ मराठीतलीच राहिली, दुसऱ्या वेलांटीची. हिंदीत तिथं पहिली येते. आमच्या घरात कोणाला शंकासुद्धा आली नाही.

तिला आली. ब्रश रंगात बुडवता बुडवता तिनं विचारलं, इसमें छोटी इ नहीं आती क्या?

“जैसा काग़ज़ में है वैसा उतार,” मी म्हटलं. “पेंटर है, पेंटर का काम कर.”

हे मी बोलले. सोळा वर्षांची होते, पण म्हणून काय झालं? ती ‘हव’ म्हणाली, म्हणजे हो, आणि दोन दिवसांत सहाही पाट्या रंगवून मोकळी झाली.

कॉलनीचे अध्यक्ष हिंदीचे निवृत्त प्राध्यापक निघाले, हे आमचं थोर नशीब. पाट्या लागल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी ते शाळेत हजर. प्राचार्यांनी सरांना, तिला आणि मला ऑफिसात बोलावलं. पाट्या दुरुस्त करायच्या म्हणून ददांनाही बोलावणं गेलं होतं. ते दाराशी उभे होते. प्राचार्यांनी तिला उभी-आडवी झापली. नुसतं वळण असून काय उपयोग, हिला साधं ‘समिति’ लिहिता येत नाही, पेंटरची पोर शेवटी. ददा मान खाली घालून ऐकत होते. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

कागद माझ्या दप्तरात होता. चूक माझी आहे, एवढं बोलायचं होतं. मला आठवले ते ‘पहिली येणारीच चुकली’ म्हणून हसतील असे वर्गातले पोट्टे, आणि आठवले वडील. मी फरशीकडे पाहत राहिले. भित्री होते मी, याला दुसरा शब्द नाही.

ददा तिला तिथूनच घरी घेऊन गेले. सोमवारी बेंचवर मी एकटी.

आठवड्यानं मी तिच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गेले. ती अंगणात पत्र्यावर पांढरा हात मारत बसली होती. मी रडत रडत माफी मागितली. तिनं ब्रश थांबवला नाही.

“मुझसे माफ़ी मांग के क्या होगा,” ती म्हणाली. “ददा को बता दे, सर को बता दे. तू बोलेगी तो मान जाएंगे.”

मी म्हटलं, कल पक्का. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मग सहामाही आली. मग सरांनी क्लबचं अध्यक्षपद मला दिलं आणि मी ते घेतलंसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती बिलासपूरकडे गेल्याचं कानावर आलं, आणि खोटं काहून बोलू, मला जरा सुटल्यासारखं वाटलं.

वीसेक वर्षं मी ते पोटात ठेवलं. गेल्या वर्षी सर फार आजारी असल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेले आणि त्यांच्या पलंगाशी बसून सगळं ओकले. कागद, वडील, टिंब, ‘पेंटर का काम कर’, सगळं.

“मले माहीत होतं,” ते म्हणाले. “बोर्ड पाहिला तेव्हाच समजलं. हिंदीत वाढलेली पोट्टी समितीले दुसरी वेलांटी नाही देत. ती आपल्या घरची चूक होय.”

मग तुम्ही काहून नाही बोलले, एवढंच कसंबसं विचारलं.

“तू आपल्यातली होती. वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. वाट पाहून राहिलो होतो.” त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, “तिच्या बाजूनं बोलू शकणारे तिथं आपण दोघंच होतो, पोरी.”