पाणकावळ्याचं पिवळं जॅकेट

पाण्यातून वर आला की तो तळ्याच्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभा राहायचा. टॉवेल नाही, पंचा नाही. वारा येईल तसा वाळायचा आणि वाळेपर्यंत समोर जो असेल त्याला शिव्या घालायचा. काळा, हाडकुळा, मान लांब, आवाज फाटका. मी त्याचं नाव पाणकावळा ठेवलं ते काही लाडानं ठेवलं नाही. खाडीकाठचं त्याचं सगळं गाव त्याला दादूस म्हणायचं. मी कधी म्हटलं नाही. त्यानंही मला कधी नावानं हाक मारली नाही. मी तुर्भ्याला टायर-ट्यूबच्या दुकानात चाळीस वर्षं काढली, म्हणून मी त्याचा ‘पंक्चर’. माझी बायको शालन मात्र ‘वहिनी’. तिला हाक मारताना त्याचा आवाज खाली यायचा. माझ्यासाठी तो कधी खाली आला नाही.

तरुणपणी तो बंदरात पाणबुड्या होता. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचा. काम सुटल्यावर त्याला एकच नाद उरला. जुन्या काळी पाणबुडे गळ्यात घालायचे ती हवेची जॅकेटं तो भंगारातून हुडकून आणायचा आणि दुरुस्त करायचा. डोक्यातून घालायचं, बैलाच्या जुवासारखं मानेभोवती आणि छातीवर बसायचं. बाहेरून जाड कापड, आत रबरी फुगा, तोंडानं हवा भरायला एक नळी आणि मांड्यांमधून घ्यायचा पट्टा. हवा भरली की माणूस वर, सोडली की खाली. आता कोणी असली घालत नाही. आताची बंडीसारखी असतात, ती बघून तो तोंड वाकडं करायचा. म्हणायचा, "ती घालून मानूस सोफ्यावर बसतो. ह्यात बेशुद्ध झाला तरी तोंड वर ऱ्हातं." आणि दुरुस्त केलेलं जॅकेट तो शोभेला टांगून ठेवायचा नाही. खाडीत कोणाचा नांगर अडकला, कोणाचं जाळं गुंतलं, की तेच गळ्यात घालून खाली जायचा. सत्तरीतसुद्धा.

पहिल्यांदा तो दुकानात आला तेव्हा मी चूक केली, ते मान्य. नारिंगी जॅकेटातला फुगा काढून त्यानं माझ्यापुढं टाकला आणि चहाला गेला. मी ट्रकच्या ट्यूबला लावतो तसा गरम पॅच लावला, मशीनमध्ये दाबला. पन्नास वर्षांचं रबर ते. वितळून चिकटून बसलं. परत आल्यावर त्यानं आधी वास घेतला. मग म्हणाला, "मी तुला ट्यूब नव्हती दिली, म्हातारी दिलेली. म्हातारीला कोन तव्यावर घालतं?" दुकानात चार ड्रायव्हर बसले होते, ते खो खो हसले. मी त्याला हाकलून दिलं. आठवड्यानं तो दुसरं, पिवळं जॅकेट घेऊन हजर. वर मलाच शिकवायला लागला. फुगा कोमट पाण्यानं आतून धुवायचा. सावलीत दोन दिवस वाळवायचा. आत टाल्कम पावडर सोडायची, म्हणजे रबर रबराला चिकटत नाही. हलक्या हातानं घासायचं, सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा, आणि मग बोटाला चिकटेनासं होईपर्यंत गप बसायचं. मला गप बसणं जमत नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

कापड आणि पट्टे कुजलेले असायचे. ते काम शालनकडं आलं, कारण ती घरी शिलाई मशीनवर शाळेची दप्तरं शिवायची. आमच्या गावाकडं पाणी प्यायला पुरायचं नाही, तिथली ही बाई, तिला पाणबुड्याचं जॅकेट काय कळणार? पण तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, हे दप्तरच आहे, फक्त यात माणूस भरायचा. दप्तराला ती प्रत्येक शिवणीच्या टोकाला तीनदा उलटी टीप मारायची. ओझं पोराच्या पाठीवर असतं, म्हणायची, उसवलं तर रस्त्यात सांडेल. जॅकेटालाही तिनं तशीच टीप मारली. पाणकावळ्यानं ती शिवण नखानं ओरबाडून पाहिली, दातानं ओढून पाहिली. शिवी दिली नाही म्हणजे पास.

जॅकेट तयार झालं की त्याचा एक नेम होता. हवा भरून ते पिंपात बुडवायचं, बुडबुडा आला नाही तर दिवसभर तसंच फुगवून ठेवायचं, आणि मग गावच्या तळ्यावर न्यायचं. तिथं ज्यानं जोडलं त्यानंच ते आधी घालून पाण्यात उतरायचं. मगच तो स्वतः घालणार. बंदरात असताना कोणीतरी कोरड्या अंगानं वरवर जोडलेल्या जॅकेटापायी त्याचा जोडीदार तळालाच राहिला होता. ते त्यानं एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. तो म्हणाला, "पोहता येतं त्याला घालून काय कळनार?" मी पायरीवरच बसून राहिलो. लोक बघत होते. तेवढ्यात शालन उठली. म्हणाली, निम्मं काम माझं आहे, मी उतरते.

पदर खोचून, गळ्यात ते पिवळं जू घालून, साठीची बाई कमरेपर्यंत पाण्यात गेली. मग पाय सुटले आणि ती उताणी तरंगायला लागली. ओरडेल असं वाटलं मला. ती हसायला लागली. आभाळाकडं बघून, तोंड उघडं टाकून, सबंध तळ्याला ऐकू जाईल असं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला तो तिथं. भलतासलता संशय नव्हता मला. पण मी जे घरात कधी आणलं नाही ते या शिवराळ माणसानं तिला गावच्या तळ्यात दिलं. ते मला सोसलं नाही.

नंतर दर रविवारी ती जायची. मी सोबत जायचो ते तोंड पाडून बसायला. तो तिला शिकवायचा. हवा थोडी सोड, आता श्वास धर, आता पुन्हा नळीत फुंक. तिला शिकवताना एक शिवी यायची नाही त्याच्या तोंडात. तिला शिकवून वर आला की हात पसरून वाळायचा आणि मला म्हणायचा, "काय रं पंक्चर, पायरी गेली का न्हाय अजून झिजून?" शालन म्हणायची, अहो, एकदा या तरी. मी म्हणायचो, मला मरायची घाई नाही.

घाई तिला झाली. मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यासाठी मानेत नळी बसवलेली, त्या नळीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. ती सुकत गेली. एक दिवस म्हणाली, मला एकदाच तळ्यावर न्या. मी नाही म्हटलं. तिनं पाणकावळ्याला निरोप धाडला. तो रिक्षा घेऊन आमच्या वाशीच्या सोसायटीच्या गेटवर आला, पिवळं जॅकेट मांडीवर. मी खाली जाऊन त्याला अडवलं. त्याचं म्हणणं होतं, मान पाण्याच्या वर राहील, मी धरतो, दोन मिनिटं. मी म्हटलं, नळीत पाणी गेलं तर जंतू होतील, मग तू भरून देणार आहेस का ती? वॉचमन मध्ये पडला. आम्ही दोघं म्हातारे एकमेकांची कॉलर धरून उभे होतो. शेवटी त्यानं सोडलं आणि वर आमच्या खिडकीकडं पाहिलं. तिथं ती उभी होती. तो म्हणाला, "तू बरोबर हायस, पंक्चर. बरोबर ऱ्हा आता जन्मभर."

तीन आठवड्यांनी ती गेली. मी बरोबर होतो. डॉक्टरही तेच म्हणाले होते. त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

तो मातीला आला नाही. तेराव्यालाही आला नाही. सगळं गाव येऊन गेलं, हा नाही. मी मनात त्याची गाठ बांधून ठेवली. मग मी घराबाहेर पडणं सोडलं. दुकान केव्हाच सुटलं होतं. मुलगी पुण्याहून फोन करायची, जेवलात का विचारायची, मी हो म्हणायचो. ताटात बघावंसं वाटायचं नाही. दाढी वाढली. तिच्या मशीनवर चादर घातली होती, ती मी काढू देत नव्हतो. मला जगायचं नव्हतं, साधी गोष्ट आहे, आणि मी त्यासाठी दुसरं काही करत नव्हतो, नुसता बसून होतो.

दीड महिन्यानं पाणकावळा दारात. हातात गोणी. ना सांत्वन, ना नमस्कार. गोणीतून पिवळं जॅकेट काढून माझ्या अंगावर टाकलं.

"वहिनीची शिवन उसवली. शीव."

मी म्हटलं, मला शिवता येत नाही.

"मग शिक. मशीन हाय ना?"

मी त्याला चालता हो म्हणालो. तो गेला, जॅकेट ठेवून. दोन दिवस ते कोपऱ्यात पडून होतं. तिसऱ्या दिवशी मी ते उचललं. शालनची शिवण उसवावी हे मला पटेना. डावीकडची शिवण खांद्यापासून पट्ट्यापर्यंत उघडी होती. मी ती खिडकीपाशी नेली, चष्मा लावला. दोऱ्याची टोकं सरळ होती, सगळी सारख्या मापाची. एकाला तूस नाही. सुईची भोकं ताणलेली नाहीत. चाळीस वर्षं मी टायर पाहिलेत. गिऱ्हाईक सांगायचं खिळा घुसला, आणि मी बघायचो तर कोणीतरी ब्लेड मारलेलं. फुटलेलं आणि फाडलेलं यातला फरक मला आंधळा झालो तरी बोटाला कळेल. शालनची शिवण उसवली नव्हती. कापली होती.

दीड महिन्यात पहिल्यांदा मी पायात चप्पल घातली. तशाच वाढलेल्या दाढीनं बसनं त्याच्या गावात गेलो. तो ओट्यावर बसून नळीचा वॉल्व्ह साफ करत होता. मी त्याला आईमाईवरून जे येत होतं ते सगळं ऐकवलं. तिच्या हातचं मागं राहिलेलं होतं ते, आणि त्यावर या माणसानं ब्लेड चालवलं. गल्ली गोळा झाली. तो हातातलं काम करत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला:

"कापली. उसवायची वाट बघत बसलो असतो तर तू गेला असतास. तिची शिवन माझ्या मागं पन उसवायची नाय."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं मारून घेतली. मग सुनेला म्हणाला, पंक्चरला भात वाढ, उपाशी हाय.

मी शिवायला शिकलो. मशीनवरची चादर काढली. किती सुया मोडल्या, बोटातून सुई आरपार गेली, बॉबिन भरायला आठवडा गेला. आधी जुन्या दप्तराच्या तुकड्यांवर, मग त्या पिवळ्या कापडावर. टोकाला तीनदा उलटी टीप. माझी शिवण वाकडी आली, गोमेसारखी. पाणकावळ्यानं ती दातानं ओढून पाहिली आणि इतक्या शिव्या दिल्या की मी दोनदा उसवून पुन्हा घातली. तिसऱ्यांदा शिवी आली नाही.

मग नेमाप्रमाणं जोडणाऱ्यानं आधी. मी पायऱ्या उतरलो. तो माझ्या शेजारी पाण्यात होता, एक हात माझ्या पाठीखाली. हात केव्हा काढला ते मला कळलं नाही. पाय सुटले. कान पाण्यात गेले आणि गावाचा, गाड्यांचा, सगळा आवाज बंद झाला. वर नुसतं आभाळ. शालन याच जागी हसली होती. मला हसू आलं नाही. दुसरंच आलं, आणि मोठ्यानं आलं. पाणकावळ्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाला, "रडायचं ते हितंच रड. घरी रडतोस ती चादर भिजते, हितं कोनाचं काय जातं."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही दर रविवारी भांडलो. मी त्याला माफ केलं नाही आणि त्यानं माफी मागितली नाही. मागच्या वर्षी तो गेला. पाण्यात नव्हे, दुपारी जेवून ओट्यावर पडला तो उठलाच नाही. मातीला मी गेलो, तेराव्यालाही गेलो. तो आला नव्हता, मी गेलो. असू दे त्याच्या अंगावर तेवढं.

मध्यंतरी पाण्यात बुड्या मारायला शिकवणारे कोणी दोघं आले होते. जुनं जॅकेट आहे म्हणे तुमच्याकडं, काचेच्या पेटीत ठेवू. मी त्यांना दार दाखवलं. ते कपाटात ठेवायचं नाही, वापरायचं. दर रविवारी मी ते कोमट पाण्यानं धुतो, नळीत फुंकतो, तळ्यावर जातो. वर आलो की टॉवेल घेत नाही, हात पसरून उभा राहतो. एकदा एका बाईनं विचारलं, आजोबा, थंडी वाजत नाही का? तिला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

डावीकडची शिवण माझी. दोनदा उसवली, दोनदा पुन्हा घातली. उजवीकडची शालनची. तिच्यावरून मी दर वेळी बोट फिरवून बघतो, टोकापासून टोकापर्यंत. त्याच्या मागंही ती उसवायची नाही, म्हणाला होता. अजून एकही टाका सुटलेला नाही. त्या एका बाबतीत हरामखोर खरं बोलला.