डोंगरावरून खाली आलेला दगड

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेली. तो वाहतूक नियंत्रक होता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, कुठली रद्द झाली आणि कुठल्या गाडीबद्दल आत्ता काही सांगता येणार नाही, हे खिडकीतून सांगणं हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर रक्तातली साखर तपासली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. हा शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून घरी आला आणि म्हणाला, "जिथून निघालो तिथंच परत आलो. याला काय अर्थ आहे?" आयुष्यभर पाटी लावून गाड्या सोडलेल्या माणसाला बिनपाटीची फेरी पटेना.

मग त्याला मोबाइलवर मोजणीच्या दगडांची माहिती सापडली. इंग्रजांच्या काळात उंच टेकड्यांवर दगड रोवायचे, त्यावर एक वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरायचं आणि एका टेकडीवरून दुसरीवर दुर्बीण लावून मुलूख मोजायचा. जुन्या नकाशांवर त्या जागी छोटा त्रिकोण असतो. नवऱ्यानं असे नकाशे मिळवले आणि आमच्या डायनिंग टेबलावर शिरूर तालुका पसरला. मला इंग्रजांशी काही देणंघेणं नव्हतं. पण माणूस टेकडी चढून उतरत असेल, तर वर काय आहे याच्याशी मला काय करायचंय? मी शिरूरला पिठाची आणि मसाल्याची गिरणी चालवते. रविवारी सकाळी गिरणी बंद असते. मी बूट घेतले.

पहिल्या काही टेकड्यांवर निराशाच झाली. एकीवर मोबाइलचा टॉवर होता, त्याच्या काँक्रीटखाली जे काय असेल ते असेल. दुसरीवर देवळाचा सभामंडप झाला होता आणि चकचकीत फरशीवर देणगीदारांची नावं होती. तिसरी टेकडी मुरमासाठी इतकी उकरली होती की सर्वांत उंच जागा शोधण्यासाठी आम्हाला खड्ड्यात उतरावं लागलं. नवरा हिरमुसला. मी घड्याळात पावलं बघितली, भरपूर झाली होती. माझ्या दृष्टीनं मोहीम उत्तम चालली होती.

न्हावऱ्याच्या पुढं, भीमेच्या अलीकडे एक बोडकी टेकडी आहे. तिच्या पायथ्याला एका बाईचं घर आहे. सगळं गाव तिला भाभी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. पाणी मागायला गेलो तर तिनं पाण्याबरोबर भाकरी आणि खर्डाही पुढं केला. नवरा वारलेला, मुलगी रांजणगावच्या कंपनीत लागलेली. भाभी रोज कंपनीतल्या काही बिहारी पोरांचे डबे करून मुलीबरोबर पाठवायची. आता तिला कंपनीजवळच, कारेगावला रस्त्यालगत गाळा घेऊन खानावळ काढायची होती. त्यासाठी पायथ्याची खडकाळ जमीन विकायची होती. गिऱ्हाईकही ठरलं होतं. पोल्ट्रीवाला होता. त्याला गावापासून लांब, कोणाला वास येणार नाही अशी जागा हवी होती. सातबाऱ्यावर दिराचंही नाव होतं, पण दीर तयार होता. खडकात नाहीतरी काही उगवत नव्हतं.

"पुढच्या म्हयन्यात खरेदीखत," भाभी म्हणाली. "मंग तुमच्याच गिरणीतून पीठ न्यायची मी. पर जाड न्हाई चालायचं, बारीक पायजे."

"बारीकच देते," मी म्हटलं. गिऱ्हाईक मिळालं म्हणून मला ती टेकडी आणखी आवडली.

वर गवत आणि कुसळं. माझी सलवार कुसळांनी भरली. पण दगड होता. गुडघ्याइतका उंच, चारी बाजूंनी घडवलेला, आणि माथ्यावर वर्तुळ आणि टिंब अगदी ठसठशीत. नवरा त्याच्यासमोर उकिडवा बसला. मग त्यानं टेप काढून दगडाची लांबी-रुंदी घेतली आणि मला चारी बाजूंनी फोटो काढायला लावले.

उतरताना एक मोटारसायकलवाला भेटला.

"काय हरवलं का, ताई?"

"नाही. दगड बघायला आलो होतो."

"दगूड? ह्या डोंगरावं दुसरं हाय तरी काय? कंचा पायजे?"

"मोजणीचा," नवरा म्हणाला.

त्यानं गाडी बंद केली. "मोजणीचा म्हंजी सरकारी?"

"सरकारीच."

"घावला का?"

"सापडला."

"आन् आता काय करणार त्याचं?"

इथं नवऱ्यानं सरळ सांगायला हवं होतं की मला साखर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पण साखर झाली हे त्याला स्वतःच्या भावालाही सांगवत नाही. त्यानं गळ्यातला गॉगल डोळ्यांवर चढवला आणि डेपोच्या खिडकीतल्या आवाजात म्हणाला, "त्याबद्दल आत्ता काही सांगता येणार नाही."

झालं.

बुधवारी गिरणीत दळण घेऊन आलेली एक बाई मला म्हणाली, "ताई, तुमच्या मिस्टरांनी विमानतळाची जागा फायनल केली म्हणं." दुसरी म्हणाली विमानतळ नाही, एमआयडीसीचा पुढचा टप्पा. तिसरीच्या पुतण्याला आतली बातमी होती की रेल्वे आहे. मी म्हटलं, "काही नाही हो, ते नुसते फिरायला जातात." तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. आमच्या भागात कोणी रविवारी नकाशा घेऊन नुसता फिरायला जात नाही. जो तसं सांगतो, तो मोठा साहेब असतो.

नवऱ्याला त्या दगडावरून पुढची टेकडी दिसते का ते बघायचं होतं, म्हणून दोन रविवार सोडून आम्ही परत गेलो. पायथा ओळखू येईना. खडकात सब्बलीनं खड्डे पाडून आंब्याची रोपं लावली होती. भूसंपादनात झाडांचे वेगळे पैसे मिळतात, हे इथं पोराटोरांना ठाऊक आहे. झाडांना पाणी मात्र कोणी घातलेलं नव्हतं. सरकार येईपर्यंत ती उभी राहिली की बास. रस्त्याच्या कडेला पत्र्याची तीन शेड उभी होती, त्यातल्या एकाला दार ठेवायचं विसरले होते. एकानं बोअरचा पाइप नुसताच जमिनीत रोवून त्यावर डबा पालथा घातला होता. एक आप्पा काठी टेकत आमच्या मागोमाग बरेच आले आणि हळूच म्हणाले, "सायेब, आमचा गट लाइनीच्या आत हाय का भाईर? कांद्याची गोणी गाडीत टाकतो, तेवढं बघा."

"आप्पा, लाइनच नाहीये," मी म्हटलं.

"व्हय व्हय," आप्पा म्हणाले. "तुमाला बोलता येत न्हाई, समजतं मला."

भाभीनं या वेळी पाणी दिलं, पण तांब्या ओट्यावर आदळून ठेवला.

"ताई, तुमचं फिरणं व्हतं, आन् माझं बसणं झालं."

दिरानं सही करायला नकार दिला होता. विमानतळ येणार असताना जमीन कोंबड्यांना द्यायला तो काय खुळा होता? पोल्ट्रीवाल्यानं महिनाअखेरची मुदत दिली होती, त्यानंतर तो दुसरी जागा बघणार होता. कारेगावच्या गाळ्यालाही दुसरं गिऱ्हाईक लागलं होतं. तिथं एक जण मोबाइलचं दुकान टाकायला बघत होता.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

"सगळ्या गावाला सांगून दमला न्हवं तुमी? पटलं कुनाला?"

ते खरंच होतं. आम्ही जितकं नाही म्हणायचो, तितकी रोपं वाढायची. काही सुचेना, म्हणून आम्ही आधी वर गेलो. वर दगड नव्हता. दगडाच्या जागी ताज्या मातीचा खड्डा होता आणि तिथून गवत चिरडत काहीतरी फरफटत नेल्याची पट्टी थेट उतारावर गेली होती. नवऱ्याचा चेहरा असा झाला, जणू डेपोतून आख्खी बस चोरीला गेली. पट्टीच्या मागं मागं उतरलो. ती भाभीच्या जमिनीत, बांधापासून दहा-बारा हातांवर संपत होती. तिथं आमचा दगड उभा होता. चहूबाजूंनी सिमेंट, ओलं राहावं म्हणून त्यावर गोणपाट, आणि शेजारी बादली घेऊन भाभीचा दीर. आमच्याकडे पाणी मारायला माणसं आंब्याला नसतात, सिमेंटला असतात.

"सलाम सायेब," तो म्हणाला. "हितंच हाय बघा तुमचा दगूड. आमच्याच गटात."

"चाचा, हा वर होता," मी म्हटलं.

"वर? न्हाई बा. हितंच असतुय. माझ्या बापापासनं हितंच."

"सिमेंटही बापापासूनचं?"

चाचा गोणपाट नीट करू लागले. दगड ज्याच्या जमिनीत, त्याची जमीन लाइनच्या आत, असा त्यांचा हिशोब होता. शेकडो मैलांचा मुलूख ज्या खुणेवरून मोजला, ती खूण त्यांनी दोन बैल आणि एक साखळी लावून स्वतःच्या सोयीनं अर्धा किलोमीटर हलवली होती. नवरा काहीतरी मोठं बोलणार होता. मी त्याला कोपरानं गप्प केलं आणि मोबाइलवर आधीच्या फेरीचे फोटो उघडून दाखवले. दगड, मागं मोकळं आभाळ, खाली भाभीचं घर खेळण्याएवढं.

"चाचा, सरकारी खूण हलवणं गुन्हा आहे. आम्हाला त्याचं काही नाही. पण उद्या खरंच कोणी मोजायला आलं, तर दगड कोणाच्या जमिनीत सापडला हे सातबाऱ्यावर बघतील."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढचं सगळं चाचांनी स्वतःच जुळवलं. त्यांनी फोटो बघितला, दगड बघितला, आणि बादली खाली ठेवली.

"सातबाऱ्यावं तर माझं नाव हाय."

"भाभीचंही आहे."

"ती बाईमाणूस. तिला कोण इचारतंय? धरत्याल मला." ते बांधावर बसले. "आन् नाव काढायचं म्हटलं तर?"

भाभी मागं कधी येऊन उभी राहिली होती ते कळलंच नाही. ती म्हणाली, "पोल्ट्रीवाल्याला फोन लावू का?"

"लाव की! मुहूर्त बघती का काय?"

दगड त्याच दिवशी वर गेला. सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं. खाली आणायला दोन बैल पुरले होते. वर न्यायला सगळी भावकी लागली, आणि प्रत्येक जण हाशहुश करत सांगत होता की दगड खाली कोणी आणला हे आपल्याला माहीत नाही. नवऱ्यानं तो बरोबर आधीच्या खड्ड्यात बसवून घेतला. मला विचाराल तर तो आता किंचित दौंडकडे कलला आहे, पण मी ते बोलले नाही.

खरेदीखत शिरूरलाच होतं, म्हणून मी गिरणीवरून मध्येच रजिस्टर ऑफिसला डोकावले. पोल्ट्रीवाला, चाचा, भाभी, सगळ्यांचे अंगठे आणि फोटो झाले होते. चाचांना आपला वाटा मिळाला होता आणि नाव निघणार म्हणून जीवही भांड्यात पडला होता. त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं.

"ताई, झालं गेलं सोडा. आता खरं सांगा. तुमी भीमेच्या पल्याड, दौंडकडं जाताय म्हणं. कोंच्या टेकडीवं?"

"ह्यांना साखर आहे, चाचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"व्हय व्हय," चाचा म्हणाले, आणि डोळा मारला. "टेकडी न्हाई तर न्हाई, निदान गाव तरी सांगा."

भाभी यातलं काही ऐकायला थांबली नाही. तिनं कागदांची पिशवी छातीशी धरली होती आणि ती रस्ता ओलांडत होती. गाळ्याचा मालक किल्ली घेऊन कारेगावला थांबला होता. स्टँडवरून रांजणगावकडची गाडी बाहेर पडत होती. भाभीनं भर रस्त्यात हात आडवा करून ती थांबवली आणि ड्रायव्हर काय बोलतोय ते न ऐकता चढली.