सहा ते नऊचं हवामान

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, गावातही ठाऊक आहे, आणि मला तर सगळ्यात जास्त ठाऊक आहे. पण त्या रागाची घरच्यांना किती धास्ती होती, ते मला कळायला एक वादळ यावं लागलं.

आमची द्राक्षबाग दिंडोरीच्या पुढे. माझं माहेर नाशकात, गंगापूर रोडला. लग्नाआधी मी द्राक्षं पाहिली ती फक्त ताटलीत. पण लग्नानंतर पाच-सहा वर्षांत बागेचं हवामान बघायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात अशी मुरले की विचारू नका. तीन ॲप, दोन वेबसाइट, शिवाय बागेत उभं केलेलं छोटं यंत्र. रोज संध्याकाळी आठ वाजता गावच्या ग्रुपवर माझा आवाज जायचा, "उद्या सहा ते नऊ वारं नाही, पाऊस नाही, फवारून घ्या." आणि गाव फवारून घ्यायचं. कुणाच्या पाहुण्यांचा फोन आला तरी लोक म्हणायचे, वहिनींना विचारून सांगतो. ते ऐकून माझी मान दोन बोटं वर व्हायची, खोटं कशाला बोलू.

आता, सहा ते नऊच का? कारण फवारणी सकाळचीच. वारं पडलेलं असतं, ऊन चढलेलं नसतं. नऊनंतर काय होतंय याच्याशी औषध मारणाऱ्याला घेणंदेणं नसतं. म्हणून मी ॲपमध्ये तेवढेच तीन तास वर येतील अशी सोय करून ठेवली होती. दिवस उघडला की सहा, सात, आठ, नऊ. त्यापुढचे तास बघायला बोटाने सरकवावं लागायचं, आणि मी कधी सरकवत नव्हते.

तर झालं असं, की सासूबाईंना समुद्र बघायचा होता. बहात्तर वर्षांच्या बाई, आयुष्य गोदावरीच्या पाण्यावर काढलेलं, समुद्र कधी पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मुलीच्या शाळेला सुट्टी लागली आणि आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. पण एप्रिलची छाटणी होऊन बागेत कोवळी फूट आलेली, जादा फुटी खुडायला, म्हणजे विरळणीला, बायकांची टोळी लागलेली. घरातलं एक माणूस इथे हवंच होतं. मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, मी बाग बघते. दापोलीच्या खालच्या अंगाला समुद्राकाठच्या एका गावात त्यांनी खोली घेतली. कौलारू घर, भोवती नारळीची बाग, अंगणातून उतरलं की वाळू. मालक एक म्हातारे काका. मुलीने पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉल करून सगळं घर फिरवून दाखवलं, अगदी आजीची खाटसुद्धा.

तिसऱ्या दिवशी समुद्रात दूर कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला. चौथ्या दिवशी त्याचं वादळ झालं. मी नकाशा उघडून बसलेच होते. रेघ सरळ वर गुजरातकडे गेलेली, किनाऱ्यापासून चांगली लांब. मला एक प्रकारचा हुरूप आला होता, आता लाज वाटते सांगायला. दर दोन तासांनी मी ह्यांना कळवत होते, आता इथे आहे, आता इतकं सरकलं.

त्या संध्याकाळी ह्यांचा फोन आला.

"अगं, काका म्हणतायत उद्या इथे थांबू नका. त्यांनी होड्या वर ओढून ठेवल्यात. टेकडीवरच्या शाळेत लोकांची सोय करतायत. आपणही जावं का?"

"शाळेत? आईंना घेऊन? फरशीवर झोपवणार का त्यांना?"

"एक रात्र काय होतंय. की आत्ताच निघू घरी?"

"या वेळेला घाटातून? डोकं ठिकाणावर आहे ना?" माझा आवाज चढला. बोलता बोलता मी उद्याचं पान उघडलं. सहा, सात, आठ, नऊ. वारं किरकोळ, पाऊस नाही. "हे बघा, सकाळी एकदम स्वच्छ आहे. आईंना पुन्हा एकदा पाण्यात पाय बुडवू द्या, आरामात जेवा आणि मग निघा."

"पण काका म्हणतात की दुपारी..."

"काका काय हवामान खात्यात आहेत? तुम्हाला माझ्यावर विश्वास आहे की परक्या माणसावर? अख्खं गाव माझ्या शब्दावर औषध मारतं आणि घरच्या माणसाला मात्र शंका!"

 ते "बरं" म्हणाले. हे "बरं" मी लग्नापासून ऐकत आले आहे. त्याचा अर्थ आपलं ऐकलं असाच मी लावत आले होते.

सकाळी सात वाजता फोटो आला. सासूबाई घोटाभर पाण्यात, नऊवारीचा काठ वर धरलेला, दात नसलेलं तोंड भरून हसू, पाठीमागे लख्ख ऊन. खाली लिहिलं होतं, "आई खूश." मी तो फोटो विरळणीच्या बायकांना दाखवत फिरले. "बघा, वादळ म्हणे! टीव्हीवाल्यांना काहीतरी लागतंच." बायका हसल्या, मीही हसले.

साडेदहाला शेजारचे भाऊ बांधावरून आले. त्यांची कांदा साठवायची चाळ आहे, वर नवे पत्रे टाकलेले.

"वहिनी, दुपारी वारं किती हाय हो? पत्र्यांवर दगड ठिवू का दोर बांधू?"

"सकाळी तर काही नव्हतं," मी म्हटलं.

"सकाळचं काय करायचं? पत्रं काय सकाळीच उडत्यात व्हय? दुपारचं बघा की."

मी फोन काढला आणि पान बोटाने सरकवलं. दहा, अकरा, बारा, एक. आमच्याकडे वारं वाढत गेलेलं दिसलं. दोर बांधा म्हणून सांगितलं. ते वळले, आणि तेव्हा माझ्या मनात आलं की तिकडचंही बघावं. दापोलीकडचं पान उघडलं, सरकवलं. अकरापासून रंग लाल. बारा, एक, दोन जांभळा. वाऱ्याचा वेग तीन आकडी. नकाशा उघडला तर रात्रीतून रेघ किनाऱ्याकडे वाकलेली, चाल वाढलेली. कालची सरळ रेघ कुठेच नव्हती. 

"भाऊ, मी त्यांना तिथं थांबवलंय हो," मी म्हटलं. ते परत फिरले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काकांचा नंबर ह्यांनी पहिल्या दिवशी पाठवलेला होता, तो बंद. मुलीच्या टॅबवर मेसेज टाकले, "निघा, जेवायला थांबू नका, आत्ताच्या आत्ता निघा," असे चार. एकावरही दुसरी खूण उमटली नाही.

बायकांना मी घरी जायला सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, आमच्याकडे तर पानही हललं नव्हतं. भाऊंच्या मंडळी येऊन माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. टीव्ही लावला. सगळीकडे तीच चित्रं, वाकलेले माड, पांढरं पाणी, रेनकोट घालून ओरडणारा पोरगा. गावांची नावं खालून सरकत होती, आणि साडेबाराला ह्यांनी खोली घेतलेल्या गावाचं नाव सरकलं. समुद्राकडच्या आळीत झाडं घरांवर पडली, एवढंच. मग पुढचं गाव.

बाकी कुणाला असं वाटत असेल की माणूस कुठे आहे हे कळत नाही म्हणून जीव टांगणीला लागतो. माझं उलट होतं. ते कुठे आहेत हे मला पक्कं माहीत होतं. मीच सांगितलं होतं, आरामात जेवा. घड्याळात एक वाजला तेव्हा मला ते अंगण दिसत होतं, ते कौलारू छप्पर दिसत होतं, आणि त्याच्याखाली ताटावर बसलेली माझी तीन माणसं. मुलगी भात आधी खाते, पोळी नंतर. सासूबाईंना मांडी घालता येत नाही, त्यांना खाटेवर ताट देत असतील.  मी मोठ्याने म्हणाले, "मी मारलं त्यांना." भाऊंच्या मंडळींनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "गप बसा वहिनी! कायबी बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणती."

तिकडच्या मदतीच्या नंबरवर खूप वेळाने फोन लागला. पलीकडचा माणूस दमलेला होता, पण नीट बोलला. रस्ते झाडांनी बंद आहेत, टॉवर पडलेत, लोकांना हलवलंय, पण कोण हललं आणि कोण राहिलं ती यादी अजून आलेली नाही. "तुमची माणसं कुठे उतरली होती, ताई?" मी सांगितलं. "समुद्राकडच्या आळीत?" त्याने विचारलं आणि थोडा थांबला. 

दोन वाजले, तीन वाजले. आमच्याकडेही वारं सुटलं, बागेची फूट तारेवर आपटायला लागली. एरवी मी जीव टाकला असता त्या फुटीसाठी. त्या दिवशी सगळी बाग उपटून नेली असती तरी मी उठले नसते. ग्रुपवर लोक विचारत होते, वहिनी उद्याचं काय, वहिनी पाऊस किती. मी फोन उचलून फक्त वरचं नेटवर्क बघत होते. देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एकच सांगते, ह्यांच्याशी पुन्हा कधी वरच्या आवाजात बोलणार नाही असं कबूल केलं होतं.

सव्वापाचला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हॅलो, मी बोलतोय." ह्यांचा आवाज. "अगं, आम्ही बरे आहोत. तिघंही. टेकडीच्या पलीकडे रेंज आहे, चालत आलोय सगळे. एका माणसाचा फोन मागून घेतला."

 मी कसंबसं विचारलं, "निघालात कधी तिथून? वाटेत होतात का?"

"नाही, शाळेत होतो. काल संध्याकाळीच गेलो. तुझा फोन ठेवला आणि तासाभरात."

"काल? मग सकाळचा फोटो?"

ते घुटमळले. "तो दोन दिवसांपूर्वीचा. म्हटलं, तुझ्या डोक्याला ताप नको."

आणि देवाला कबूल केलेलं सगळं एका क्षणात गेलं. सात तास जीव टांगणीला लागलेला होता, ते सगळं तसंच बाहेर पडलं. "ताप नको? इथं मी मेले होते दिवसभर! तोंड शिवलं होतं का तुमचं? एक शब्द सांगता येत नव्हता?" मी इतकी ओरडले की भाऊंच्या मंडळी उठून उभ्या राहिल्या.

 पलीकडे खरखर झाली आणि सासूबाईंचा आवाज आला.

"त्याला बोलू नको गं. मीच म्हटलं, तिला सांगू नका."

"पण का, आई?"

"अगं, तू नाय म्हटली असती. आन तू नाय म्हटल्यावर आमच्यातलं कोण जातंय? बसलो असतो तिथंच गपगुमान." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होत्या. "मघा काका बघून आले खाली. माड पडलाय त्या खोलीवर. माझी खाट व्हती ना, बराबर तिच्यावर. कौलं बी गेली, खाट बी गेली."

 पंधरा वर्षांच्या संसारात ही माणसं माझ्याशी खोटं बोलायला कधी शिकली, मला पत्ता नव्हता. आणि ती शिकली नसती तर आज तिघंही त्या कौलांखाली असती. मला रडू येत होतं, पण आवाज काढायची भीती वाटत होती, त्यांना पुन्हा ओरडणं वाटलं तर.

फोन मुलीच्या हातात गेला होता. "मम्मी? आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. हळूच.

तिने काही क्षण वाट पाहिली. मी आणखी काही बोलले नाही. मग फोन तोंडापासून लांब धरून तिने कुणाला तरी हाक मारलेली मला स्वच्छ ऐकू आली.

"पप्पा, या आता इकडे. मम्मी रागावली नाहीये."