पंधरा वॅटचा खोका

माझ्या चुलत भावाने आयुष्यात कधी कुठल्या वस्तूची घासाघीस केली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. दुकानदार सांगेल तो भाव द्यायचा आणि वर 'थँक यू' म्हणून बाहेर पडायचं, असला माणूस. असल्या माणसाच्या घरात चांगल्या वस्तू कशा येतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी पोलादपूरच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून प्लास्टिकचे डबे विकायला सुरुवात केली आणि पुढे महाडला भाड्याचा गाळा घेतला. भावाला वडिलांची मुंबईतली खोली मिळाली, त्यांच्याच ओळखीने नोकरी लागली. पण एका बाबतीत मी त्याच्या पुढे होतो. आंबेनळी घाटाच्या अंगाला, पोलादपूरच्या वर आमची वाडी आहे. दर मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीची सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि आरतीनंतर गाण्यांचा कार्यक्रम. त्यात गिटार माझी. मला कोणी शिकवली नव्हती. बेंजो पार्टीत असताना एक जुनी इलेक्ट्रिक गिटार पडत्या भावात पदरात पाडून घेतली आणि गाळ्याचं शटर ओढल्यावर आत बसून बोटं सोलून घेतली. मंडपवाल्याच्या भोंग्यातून ती डब्यात कोंडलेल्या माशीसारखी वाजायची. पण वाडीत दुसरी गिटारच नव्हती, त्यामुळे उत्तम वाजवणारा मीच.

मग एका मे महिन्यात भाऊ गिटार घेऊन आला, आणि बरोबर तिचा अ‍ॅम्प्लिफायर. काळा, चाकं लावलेला, लहान फ्रीजएवढा. तेव्हा एसटीच्या थांब्यापासून वाडीपर्यंत पायवाटच होती. तो खोका उचलायला माणसं एकमेकांना ढकलत होती. माझी गिटार इतकी वर्षं मीच पाठीवर मारून नेली, कोणी हात लावला नाही.

त्या संध्याकाळी त्याने वाजवलं. बोटं माझ्याहून कच्ची होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण पहिली तार छेडली आणि समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. बायका बोलायच्या थांबल्या. मी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, नात्याने माझे काका, सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढल्या सालापासून गिटार याचीच ठेवू. तुझं हाय रे चांगलं, पण ऐकायलाच येत नाय."

माझं डोकं फिरलं. "खोका त्याचा वाजतो, तो नाय वाजत! पुढल्या पूजेला मी माझा खोका आणतो, मग ठरवा."

"आण की. तुला कोण नाय म्हणतोय? पण पडलास तर मग कुरकुरायचं नाय."

भावाला विचारलं असतं तर कुठला घ्यावा, कुठून घ्यावा, सगळं त्याने हौसेने सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही.

महाडला तेव्हा नुकतेच सायबर कॅफे निघाले होते. तासाचे पैसे भरायचे आणि पान उघडेपर्यंत पंख्याकडे बघत बसायचं, मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, पण नेटाने वाचलं. स्वस्तातला गिटारचा अ‍ॅम्प कुठला घ्यावा यावर जगभरची माणसं एकमेकांच्या उरावर बसली होती. एक म्हणे हा घ्या, दुसरा म्हणे तो घेणारा बहिरा असला पाहिजे. मला ते वाचून बाजारात बसल्यासारखं वाटलं. त्यात एकजण शांतपणे लिहायचा. नावाच्या जागी नुसतं कुत्र्याचं चित्र. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर तयार असे: पंधरा वॅट भरपूर झाले, मोठ्याच्या नादी लागून फसू नका, पंधरा वॅट पूर्ण सोडलेत तर शेजारी पोलिसांना बोलावतील.

पोलीस! मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्याकडे पूजेला, हळदीला, शिमग्याला जेवढा म्हणून आवाज करता येईल तेवढा केला, तरी शेजारी फार तर स्वतः नाचायला येतो. जो आवाज ऐकून माणूस पोलिसांकडे धावतो, तो केवढा असेल! शिवाय हा कुत्रेवाला काही विकत नव्हता. समोरचा विकणारा असला की मी त्याचे डोळे बघतो, हात बघतो, कुठे थुंकी गिळतो ते बघतो. इथे विकणाराच नव्हता, म्हणून मी माझं सगळं शहाणपण खिशात घालून ठेवलं.

मुंबईला जाऊन वाद्यांच्या दुकानात पंधरा वॅटचा अ‍ॅम्प मागितला. कुठे वाजवणार, असं दुकानदाराने विचारलं. अंगणात म्हटल्यावर त्याने मोठा पुढे केला. मला हसू आलं. गिऱ्हाईक लहान डबा मागायला आलं की मोठा त्याच्या गळ्यात कसा मारायचा, हे मी रोज करतो. मी लहानालाच चिकटून राहिलो, दोनदा पायरी उतरलो, दोनदा त्याने परत बोलावलं, आणि वायर फुकटात घेऊनच निघालो. परतीच्या एसटीत तो खोका मांडीवर होता. एवढा हलका कसा, हा प्रश्न मनात आला होता. तो मी दाबला.

पुढची पूजा आली. भावाचा खोका पुन्हा माणसांनी मिरवत नेला, माझा मी काखेत मारून चढलो. मंडपवाल्याला ऐटीत सांगून टाकलं, तुझा माइक मला नको. आरती झाली, देवीचं गाणं सुरू झालं, ढोलकी घुमली आणि मी बटन शेवटपर्यंत फिरवून तार छेडली.

महाडला गाळ्यात याच आवाजाने फळीवरचे डबे थरथरायचे. इथे वर आभाळ, तिन्ही बाजूंना डोंगर, आणि आवाज खोक्यातून निघून पायाशीच बसला. मी जोर केला तसा तो नुसता घोगरा झाला. पुढच्या रांगेतली आत्या कानामागे हात धरून ओरडली, "अरे, चालू कर की ते!"

"चालूच हाय, आत्या!"

"मग वाजव गो बाय!" असं कोणीतरी मागून बायकी आवाजात म्हणालं आणि अख्खं अंगण हसलं.

भाऊ माझ्या बाजूलाच उभा होता. तो वाकला, माझी वायर माझ्या खोक्यातून उपटली आणि स्वतःच्या खोक्यात खुपसली. त्या खोक्याला वायर खुपसायला दोन तोंडं होती. "दादा, वाजव तू," म्हणाला आणि स्वतःच्या गिटारचा आवाज बारीक केला.

थांबता येत नव्हतं, गाणं अर्ध्यावर होतं. मी वाजवलं. इतकी वर्षं जे माझ्या बोटांत होतं ते पहिल्यांदाच मला बाहेर ऐकू आलं. माणसं उठून नाचायला लागली. संपल्यावर आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या भावाचं खोकं लय गोड वाजतं रे."

महाडला आल्या आल्या कॅफेत जाऊन त्या कुत्रेवाल्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत झाडलं. उघड्यावर तू कधी वाजवलं आहेस का, असं विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं होतं. तो चौथ्या मजल्यावर राहतो, स्वयंपाकघरात वाजवतो, माणसांसमोर कधीच वाजवलेलं नाही. शेवटी हसऱ्या तोंडाचं चित्र. पैसे भरून मी बाहेर पडलो.

गणपतीत भाऊ गावी आला तेव्हा काकांनी ओटीवर दोघांना समोरासमोर बसवलं. "पुढल्या पूजेला दोघंबी वाजवा. खोका याचा."

मी तयारी करून गेलो होतो. भावाच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "एका अटीवर. माझा आवाज तुझ्याहून वर राहील." तो नाही म्हणणार, मग मी उठून निघणार, मग काका मला परत बोलावणार, मग बरोबरीवर सौदा पटवायचा, असं सगळं मनात ठरलं होतं.

"वरच ठेव ना, दादा," भाऊ म्हणाला. "तू माझ्यापेक्षा भारी वाजवतोस. मी नुसती साथ देईन." आणि त्याने मोदकाचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

मला उठताही येईना. मी मोदक घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक पूजेला मी त्याच्याच खोक्यातून वाजवलं, त्याच्याहून मोठ्याने, आणि ती जागा मला मागितल्याबरोबर मिळाली, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.