बंद न पडलेला सर्व्हर
शाहूपुरीतल्या लोकांच्या वेबसाइट चालवणाऱ्या आमच्या होस्टिंगच्या ऑफिसात लिनक्स सर्व्हर सांभाळणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा सहकारी. त्याचा सर्व्हर वर्षभर एकदाही बंद झाला नव्हता. गिऱ्हाईक आलं की मालक त्याच्या स्क्रीनवरचा सलग चालू दिवसांचा आकडा दाखवायचे, "बघा पावणं, एक दिवस बंद न्हाय!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. सुरक्षेसाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट केला की सर्व्हर रीस्टार्ट करावाच लागतो, म्हणून माझा आकडा दर महिन्याला शून्यावर यायचा. तो आळशी अपडेटच करत नव्हता.

शेवटी जुन्या कर्नलमधल्या भोकातून कुणीतरी त्याच्या सर्व्हरमध्ये घुसलं. मी आनंदानं मालकांकडं धावलो. ते म्हणाले, "चोर मोठ्याच घरात शिरतोय की!"

मी पुन्हा जळलो. माझ्या सर्व्हरकडं चोरानंही ढुंकून बघितलं नव्हतं.